बोट ओळीवर पडतं, नोंद खात्यावर जाते

दूध संकलन केंद्राच्या ॲपमध्ये एकच स्क्रीन खऱ्या अर्थाने महत्त्वाची असते: सभासदांची यादी. दरपत्रक, दहा दिवसांचं बिल, बँकेला द्यायची यादी, रिपोर्ट ही सगळी नंतर निवांत बसून करायची कामं. यादी मात्र सकाळी सहाला उघडते आणि संकलन संपेपर्यंत सचिवाचं बोट तिच्यावरून हलत नाही. माणूस किटली घेऊन येतो, दूध मापलं जातं, नमुना फॅट मशीनला लागतो. फॅट आणि एसएनएफचे (फॅट सोडून दुधातल्या इतर घन पदार्थांचे) आकडे दिसेपर्यंत सचिवाने त्या माणसाची ओळ शोधून दाबलेली असली पाहिजे. मागे रांग उभी असते. त्यातल्या निम्म्या लोकांना शेतावर जायचं असतं, उरलेल्यांना एसटी गाठायची असते.

मी कराडला राहते आणि आसपासच्या छोट्या केंद्रांसाठी अशी ॲप्स करते. ॲप बनवायला शिकणारी बरीच मुलं मला विचारतात, ‘ताई, लिस्ट दाखवायची आणि क्लिक झालं की पुढची स्क्रीन उघडायची, एवढंच आहे ना?’ नेटवरचे धडेही तेवढंच शिकवतात. पाच फळांची नावं, एकावर क्लिक, खाली टोस्ट म्हणजे क्षणभर दिसणारा संदेश, धडा समाप्त. माझ्या मते खरा विषय त्या टोस्टनंतर सुरू होतो. क्लिक कुठल्या ओळीवर झाला हा प्रश्न सोपा आहे. तो कुणावर झाला, हे पक्कं करणं हे खरं काम.

‘यादी हवीच कशाला, सभासद क्रमांक टाकला की झालं,’ असंही लोक म्हणतात. ज्याला आपला क्रमांक पाठ आहे त्याच्यासाठी ते बरोबरच आहे. पण संध्याकाळी किटली घेऊन एखादा पोरगा येतो आणि म्हणतो, ‘आजीच्या नावावर घाला.’ नवीन लग्न होऊन आलेल्या सुनेला सासऱ्यांचा क्रमांक माहीत नसतो. सचिव चेहरा ओळखतात, घर ओळखतात, क्रमांक दरवेळी आठवतोच असं नाही. म्हणून मी दोन्ही ठेवते: वर आकड्यांचा मोठा कीपॅड, खाली यादी. क्रमांक टाकला की यादी गाळली जाते आणि एकच ओळ उरते. तरीही त्या ओळीवर बोट ठेवल्याशिवाय नोंद सुरू होत नाही. आकडा चुकीचा पडला असेल तर नाव वाचताना लक्षात येतं.

आता जरा आतलं. २००८ साली अँड्रॉइड आला तेव्हापासून लिस्टव्ह्यू, म्हणजे यादी दाखवणारा तयार घटक, आहे. त्याला ॲरेॲडॅप्टर (यादीला डेटा पुरवणारा) जोडायचा, क्लिक लिसनर (दाबलं की चालणारा कोड) लावायचा, संपलं. क्लिक झाला की ऑनआयटमक्लिक या फंक्शनमध्ये चार गोष्टी हातात पडतात: यादी, दाबलेली ओळ, तिची पोझिशन (यादीतली जागा) आणि आयडी (ओळख क्रमांक). बहुतेक धडे तिसरी गोष्ट उचलतात, चौथीकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही. त्यालाही कारण आहे. साध्या ॲरेॲडॅप्टरमध्ये आयडी म्हणून पोझिशनच परत मिळते, त्यामुळे शिकणाऱ्याला दोन्ही सारखेच वाटतात. डेटाबेसवर चालणाऱ्या कर्सरॲडॅप्टरमध्ये मात्र आयडी म्हणजे टेबलातल्या त्या नोंदीची खरी ओळख. हा फरक पहिल्याच दिवशी समजला तर पुढचा बराच त्रास वाचतो.

२०१४ मध्ये अँड्रॉइडच्या लॉलीपॉप आवृत्तीच्या सुमाराला लिस्टव्ह्यूच्या जागी वापरायचा रिसायकलरव्ह्यू आला आणि त्यात ओळीवरचा क्लिक लिसनर गायब होता. अजूनही नवीन मुलं त्यावर वैतागतात. मला तो निर्णय योग्य वाटतो. ओळीत नाव आहे, फोन करायचं बटण आहे, दुरुस्तीचं चिन्ह आहे. यातलं नेमकं काय दाबलं हे यादीला कळायचं कारण नाही, ते ओळीलाच कळायला हवं. म्हणून रिसायकलरव्ह्यूमध्ये तुम्ही व्ह्यूहोल्डरवर (एक ओळ सांभाळणाऱ्या वस्तूवर) लिसनर लावता आणि दाबलं गेल्यावर काय करायचं ते ॲक्टिव्हिटीकडून किंवा फ्रॅगमेंटकडून, म्हणजे स्क्रीनच्या कोडकडून, फंक्शन म्हणून आत पाठवता. कोडच्या चार ओळी जास्त लिहाव्या लागतात, पण जबाबदारी कुणाची ते स्पष्ट राहतं.

रिसायकलरव्ह्यूची मूळ कल्पना केंद्रावरच्या माणसाला समजावायला सगळ्यात सोपी. तीनशे सभासद असले म्हणून केंद्र तीनशे कॅन ठेवत नाही. थोडे कॅन असतात, ते भरून जातात, रिकामे होऊन परत येतात, पुन्हा भरतात. तशाच यादीत स्क्रीनवर मावतील तेवढ्या आणि वर-खाली एक-दोन अशा मोजक्याच ओळी तयार होतात. वर सरकून दिसेनाशी झालेली ओळ खालून नवा सभासद घेऊन परत येते. आणि कॅन धुतला नाही तर पुढचं दूध नासतं, हेही इथे जसंच्या तसं लागू आहे. ओळीत सभासदाची माहिती भरणाऱ्या (बाइंड करणाऱ्या) ऑनबाइंडव्ह्यूहोल्डरमध्ये ‘दूध आलं असेल तर हिरवी खूण दाखव’ एवढंच लिहिलं आणि ‘आलं नसेल तर लपव’ हे लिहिलं नाही, की स्क्रोल केल्यावर भलत्याच सभासदापुढे हिरवी खूण उमटते. डेटाबेसमध्ये काही बिघडलेलं नसतं, पण सचिव त्या खुणेवर विश्वास ठेवून त्या माणसाला म्हणतात, ‘तुमचं झालंय की मघाशीच.’ प्रत्येक बाइंडमध्ये ओळीतली प्रत्येक गोष्ट नव्याने ठरवायची. दिसणारी, न दिसणारी, रंग, खूण, सगळी.

पण मला सविस्तर बोलायचंय ते पोझिशनबद्दल.

एका केंद्रावर आधीपासून एक ॲप वापरात होतं, दुसऱ्या कुणीतरी केलेलं. त्यात एक सोय दिली होती: ज्याचं दूध घालून झालं त्याची ओळ आपोआप यादीच्या तळाला जायची, म्हणजे वर फक्त बाकीचे राहतील. ऐकायला छान वाटतं. मी सकाळी तिथे बसून पाहत होते. सचिवांनी एक नोंद सेव्ह केली आणि लगेच पुढच्या माणसाच्या नावाकडे बोट नेलं. बोट काचेवर टेकायच्या क्षणी आधीची ओळ खाली निघाली, बाकीच्या ओळी एकेक घर वर सरकल्या आणि बोटाखाली शेजारचं नाव आलं. दोघांचंही आडनाव एकच. पुढच्या स्क्रीनवर नाव बारीक अक्षरात, वर कोपऱ्यात होतं. म्हशीचं दूध गाईवाल्याच्या खात्यावर चढलं. ते तेव्हाच कळलं नाही. दहा दिवसांनी बिल वाटताना कळलं, आणि मग वहीतून, कॅनच्या हिशेबातून, माणसांच्या आठवणीतून उलगडा करत बसावं लागलं.

हे का होतं ते नीट बघू. रिसायकलरव्ह्यूच्या डिफॉल्ट ॲनिमेशनमध्ये ओळ एका जागेवरून दुसऱ्या जागी जायला २५० मिलिसेकंद घेते. डोळ्याने काही बदललेलं पाहून हात थांबवायला माणसाला साधारण तेवढाच वेळ लागतो. म्हणजे ज्या पाव सेकंदात यादी हलते, त्या पाव सेकंदात बोटाला परत फिरवणं कुणालाच शक्य नसतं. इथे सचिवांना सावकाश दाबायला सांगून उपयोग नाही. त्यांनी बोट नावाकडे न्यायला घेतलं तेव्हा नाव बरोबर होतं.

कोडमध्येही याच प्रकारचा खड्डा आहे. काही जण ऑनबाइंडमध्ये मिळालेली पोझिशन लिसनरमध्ये पकडून ठेवतात. बाइंड झालं तेव्हा तो सभासद सातव्या जागी होता. नंतर वर एक नवीन ओळ आली, तो आठवा झाला, पण या ओळीचं पुन्हा बाइंड झालंच नाही, कारण तिच्यातला मजकूर बदललेला नाही. लिसनर अजून सातच धरून बसलेला. क्लिक झाला की सातव्या जागेवरचा, म्हणजे दुसराच माणूस उघडतो. म्हणून पोझिशन लागलीच तर ती क्लिक झाल्या क्षणी व्ह्यूहोल्डरला विचारायची. पूर्वी त्यासाठी गेटॲडॅप्टरपोझिशन होतं, रिसायकलरव्ह्यूच्या १.२.० आवृत्तीपासून ते बाजूला पडून गेटबाइंडिंगॲडॅप्टरपोझिशन आलं. आणि तेही उणे एक देऊ शकतं, याला नोपोझिशन म्हणतात. डेटा बदललाय पण यादीची मांडणी अजून नव्याने झालेली नाही, किंवा ती ओळ काढून टाकली जातेय, अशा मधल्या क्षणी ते येतं. उणे एक आलं तर मुकाट्याने काहीही करायचं नाही. तो क्लिक सोडून द्यायचा. माणूस पुन्हा दाबेल, त्याला काही वाटणार नाही.

त्याहून सरळ रस्ता मी घेते. व्ह्यूहोल्डरमध्ये बाइंड करताना सभासदाचा आयडी ठेवते आणि क्लिक झाला की तोच बाहेर पाठवते. पोझिशनचं नावही काढत नाही. पुढच्या स्क्रीनलाही फक्त आयडी जातो. सगळा सभासद, त्याचा पत्ता, बँक खातं, मागच्या नोंदी असं गाठोडं इंटेंटमधून (पुढची स्क्रीन उघडायच्या निरोपातून) पाठवायचं नाही. एक तर त्याला आकाराची मर्यादा आहे, आणि दुसरं म्हणजे ते गाठोडं बांधल्या क्षणापासून शिळं व्हायला लागतं. पुढची स्क्रीन आयडी घेऊन रूम या लायब्ररीच्या डेटाबेसमधून ताजी माहिती वाचते आणि सगळ्यात वर, पडद्याच्या पूर्ण रुंदीत, सभासदाचं नाव मोठ्या ठळक अक्षरात दाखवते. लिटर टाकायच्या चौकटीपेक्षा नाव मोठं. आमच्याकडे सचिव ते नाव मोठ्याने वाचतात, समोरचा मान हलवतो, मग आकडा टाकतात. ही पद्धत त्यांनीच पाडली, मी फक्त अक्षरं मोठी ठेवली.

आणि यादी हलवायची नाही. हा माझा ठाम नियम आहे. संकलन सुरू असेपर्यंत ओळींचा क्रम बदलत नाही. दूध आलं की ओळ जागच्या जागी राहते, तिच्यावर खूण येते आणि लिटरचा आकडा उजवीकडे दिसतो. ‘बाकी’ नावाचं एक बटण वर आहे. ज्याला उरलेले सभासदच बघायचेत त्याने ते स्वतः दाबायचं. यादी बदलली तर ती माणसाने सांगितलं म्हणून बदलली पाहिजे. रोजच्या वापराने सचिवांच्या बोटाला जागा पाठ होतात, अमुक आडनावाचे लोक दोन झटके स्क्रोल केल्यावर येतात हे त्यांना न बघता कळतं. ती सवय मोडणारी कुठलीही सोय मला सोय वाटत नाही.

डिफयूटिल या दोन याद्यांमधला फरक काढणाऱ्या साधनाबद्दल थोडक्यात. डेटा बदलला की सरसकट नोटिफायडेटासेटचेंज्ड (सगळी यादी नव्याने मांडायचा आदेश) करायचं नाही, जुनी आणि नवी यादी डिफयूटिलला द्यायची, फरक तो काढतो. आत यूजीन मायर्स यांचा फरक शोधणारा अल्गोरिदम आहे. तुम्हाला त्याला दोनच प्रश्नांची उत्तरं द्यायची असतात: ही तीच वस्तू आहे का, आणि असेल तर तिच्यातला मजकूर तोच आहे का. पहिल्याचं उत्तर आयडीवरून द्यायचं, नावावरून कधीच नाही. एका गावात एकाच नावाचे दोघं असतात, आणि एखाद्याच्या नावातली वेलांटी उद्या कुणी दुरुस्त करेल. दुसऱ्याचं उत्तर डेटा क्लास असेल तर आपोआप मिळतं. जेटपॅक कंपोझ या अँड्रॉइडच्या नव्या पद्धतीत हेच काम लेझीकॉलम या यादीच्या आयटम्सला दिलेली ‘की’ म्हणजे ओळख करते. ती दिली नाही तर कंपोझ ओळीची ओळख तिच्या जागेवरून धरतं, म्हणजे आपण पुन्हा पोझिशनच्याच दारात.

आता बोटाकडे येऊ. गूगलच्या मार्गदर्शिकेत दाबायच्या कुठल्याही गोष्टीसाठी किमान ४८ डीपी (अँड्रॉइडमधलं मापाचं एकक) उंची-रुंदी सांगितली आहे, ॲपलकडे ४४ पॉइंट. वेब सुलभतेच्या डब्ल्यूसीएजी २.२ या २०२३ च्या आवृत्तीत किमान २४ सीएसएस पिक्सेल आहेत, पण ती अगदी तळाची पायरी झाली. १६० डीपी म्हणजे एक इंच या हिशेबाने ४८ डीपी म्हणजे सुमारे साडेसात मिलिमीटर. कोरड्या, शहरी बोटाला पुरतं. दूध मापणाऱ्याचा हात ओला असतो, आणि ओल्या काचेवर स्पर्श नेमका कुठे झाला हे ओळखायला स्क्रीनला अडचण येते, कारण पाण्याचा थेंबही तिला बोटासारखाच जाणवतो. म्हणून माझी ओळ किमान ७२ डीपीची आणि दोन ओळींमध्ये स्पष्ट रेघ. स्क्रीनवर कमी सभासद मावतात, ही किंमत मी आनंदाने देते.

‘किमान’ हा शब्द इथे कोडमध्येही तसाच लिहायचा. ओळीला ठरावीक उंची दिली की मराठीचं नुकसान होतं. इंग्रजी अक्षरं डोळ्यापुढे ठेवून आखलेल्या ओळीत ‘र्की’वरचा रफार आणि वेलांटी वरून कापली जाते, ‘कृ’ आणि ‘ट्टू’ खालून. फोनमध्ये अक्षरांचा आकार वाढवला की हे आणखी वाढतं, आणि अँड्रॉइड १४ पासून तो २०० टक्क्यांपर्यंत वाढवता येतो. पन्नाशी ओलांडलेले सचिव तो वाढवतातच. उंचीच्या जागी किमान उंची द्या आणि ओळीला हवी तेवढी वाढू द्या.

नाव कापायचं नाही, हाही त्यातलाच भाग. जागा पुरली नाही की शेवटी तीन टिंबं देऊन मोकळं व्हायची पद्धत आहे. आपल्याकडे नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, मग आडनाव असा क्रम. शेवट कापला तर आडनाव जातं. काही जण म्हणून आडनाव आधी लिहून मधलं नाव आद्याक्षरावर आणतात. पण ज्या गावात निम्म्या घरांचं आडनाव एकच आहे आणि पहिली नावंही त्याच दहा-वीस नावांत फिरतात, तिथे माणूस ओळखू येतो तो मधल्या नावावरून. म्हणून पूर्ण नाव, गरज पडली तर दोन ओळींत, आणि डावीकडे सभासद क्रमांक मोठा.

क्रमवारीचं तर मला विशेष सांगायचंय, कारण मराठी यादी करणाऱ्या प्रत्येकाला हे लागतं आणि बोलतं कुणीच नाही. दोन शब्दांची साधी तुलना केली तर संगणक युनिकोडमधल्या क्रमांकानुसार लावतो. त्यात ‘ॲ’ हे अक्षर बरंच नंतर जोडलं गेलं, त्याची जागा यू+०९७२, म्हणजे ‘ह’च्याही पुढे, देवनागरी आकड्यांच्याही पुढे. परिणाम असा की ‘ॲडव्होकेट’ लावून नाव लिहिलेले सगळे सभासद यादीच्या तळाशी जाऊन बसतात, आणि सचिव त्यांना वर ‘अ’पाशी शोधतात. ‘ळ’ युनिकोडमध्ये ‘ल’च्या मागोमाग आहे, आपल्या वर्णमालेत तो ‘ह’नंतर येतो. कुणी इंग्रजीत भरलेली नावं सगळ्यांच्या आधी येतात. उपाय आहे: मराठी लोकेल (भाषेची निवड) देऊन कोलेटर, म्हणजे भाषेच्या क्रमाने तुलना करणारं साधन, वापरा, साध्या तुलनेवर सोडू नका. आणि डेटाबेसच्या ऑर्डर बायवर (क्रम लावायच्या आज्ञेवर) तर मुळीच नाही, कारण एसक्यूलाइट या फोनमधल्या डेटाबेसची मूळ तुलना बाइटवर चालते. मी नाव सेव्ह करतानाच कोलेटरने दिलेली क्रमाची ‘की’ काढून वेगळ्या रकान्यात ठेवते आणि त्यावर क्रम लावते.

शोधातही तसंच. आमच्या कराडचंच ‘कऱ्हाड’ असं लिहिलेलं नाव घ्या. त्यातला ‘ऱ्ह’ दोन प्रकारे टाइप होतो. एका कीबोर्डवर ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षराला हलंत लागून, दुसऱ्यावर साध्या ‘र’ला हलंत आणि मग न दिसणारा झीरो विड्थ जॉइनर लागून. डोळ्याला दोन्ही सारखे, संगणकाला वेगळे. सभासद भरताना एक कीबोर्ड, शोधताना दुसरा, की ‘कऱ्हाडकर’ सापडतच नाहीत. युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशन (अक्षरांची वेगळी रूपं एकसारखी करणं) इथे पुरत नाही, ते जॉइनरला हात लावत नाही. ही जोडी आपण स्वतः एका रूपात आणायची: साठवतानाही आणि शोधतानाही. गोऱ्हे, बऱ्हाटे, ऱ्य असलेली सगळी नावं यात येतात. सभासद यादीत असूनही सापडत नाही तेव्हा सचिव नाइलाजाने त्याला नव्याने भरतात, आणि एका माणसाची दोन खाती होतात.

ओळीतल्या बटणांबद्दल माझं मत कडक आहे. एका ओळीचं एकच काम. पूर्ण ओळ दाबली की नोंद. जुन्या लिस्टव्ह्यूमध्ये ओळीत बटण ठेवलं की ओळीचा क्लिकच बंद पडायचा, कारण बटण फोकस स्वतःकडे ओढून घ्यायचं. मग ब्लॉक्सडिसेंडंट्स लावून ते सोडवावं लागायचं. रिसायकलरव्ह्यूमध्ये तो त्रास नाही, पण ओल्या बोटाचा त्रास आहेच. नाव दाबायला जावं आणि फोन लागावा, असं व्हायला नको. फोन, दुरुस्ती, पत्ता हे सगळं सभासदाच्या स्वतंत्र पानावर. बाजूला ओढून डिलीट तर अजिबातच नाही. घाईत स्क्रोल करणाऱ्या बोटाचा कोन जरा तिरका झाला तरी ते ओढल्यासारखं होतं. लांब दाबण्यात लपवलेल्या गोष्टी कुणाला सापडत नाहीत, त्यामुळे तिथे मी काही ठेवत नाही.

दाबल्याची पोच द्यायला हवी. ओळीला सिलेक्टेबलआयटमबॅकग्राउंड लावलं की लाट उमटते, तेवढं पुरतं. ‘लाट जरा उशिरा येते’ असं कुणी म्हणालं तर ते खरं आहे आणि मुद्दाम आहे: स्क्रोल होणाऱ्या यादीत बोट टेकलं की सिस्टिम सुमारे १०० मिलिसेकंद थांबून बघते की हे दाबणं आहे की सरकवणं. बोट ८ डीपीहून जास्त हललं तर ते सरकवणं ठरतं. हा थांबा काढायच्या भानगडीत पडू नका, नाहीतर स्क्रोल करताना सगळ्या ओळी चमकत राहतील. त्याऐवजी हलकं कंपन द्या. फॅट मशीनच्या आवाजात ‘टिक’ ऐकू येत नाही, हाताला थरथर कळते. आणि दोनदा पटापट दाबलं तर नोंदीच्या दोन स्क्रीन एकावर एक उघडू नयेत. पहिला क्लिक घेतला की पुढची स्क्रीन परत येईपर्यंत बाकीचे क्लिक सोडून द्यायचे.

वेगाचं एकच सांगते. ६० हर्ट्झच्या स्क्रीनवर प्रत्येक फ्रेमला साधारण १६ मिलिसेकंद मिळतात आणि केंद्रावरचा फोन घरात जुना झालेला असतो. बाइंडमध्ये हिशेब करायचा नाही. फॅट आणि एसएनएफवरून दर काढणं, महिन्याची बेरीज, तारीख मराठीत लिहिणं हे आधीच करून तयार मजकूर ओळीला द्यायचा.

टॉकबॅक, म्हणजे न दिसणाऱ्यांसाठी स्क्रीन वाचून दाखवणारी सोय, चालू करून यादी एकदा ऐकाच. क्रमांक, नाव, खूण, लिटर असे चार तुकडे वेगवेगळे वाचले जात असतील तर ऐकणाऱ्याला एका सभासदामागे चार वेळा बोट सरकवावं लागतं. सगळी ओळ मिळून एक वाक्य करा: ‘क्रमांक बेचाळीस, अमुक पाटील, म्हैस, दूध यायचं बाकी.’ खूण नुसती हिरवी असेल तर तिला शब्दही हवेत.

परत आल्यावर यादी होती तिथेच दिसली पाहिजे. नोंद सेव्ह झाली आणि यादी वरून सुरू झाली, तर दोनशेव्या क्रमांकाजवळ काम करणाऱ्याला प्रत्येक नोंदीनंतर खाली यावं लागतं. रिसायकलरव्ह्यू जागा लक्षात ठेवतो, पण डेटा यायच्या आधीच ती परत लावायला गेला तर यादी रिकामी असते आणि जागा हरवते. प्रिव्हेंटव्हेनएम्प्टी हे धोरण ॲडॅप्टरला द्या, की डेटा येईपर्यंत तो थांबतो.

नवीन सुरुवात करणाऱ्याने कंपोझच घ्यावं. २०२१ मध्ये ते स्थिर झालं आणि यादीपुरतं तरी काम खूप हलकं झालं. फक्त मॉडिफायरचा, म्हणजे ओळीला लावायच्या गुणांचा, क्रम सांभाळा: आधी पॅडिंग आणि मग क्लिकेबल लिहिलं तर कडेची मोकळी जागा दाबली जात नाही. आधी क्लिकेबल, मग पॅडिंग. पूर्ण ओळ दाबता येते.

सध्या माझ्यापुढे आहे ती गोष्ट मात्र कुठल्याच लायब्ररीत सुटलेली नाही. एकाच घरात गाईही आहेत आणि म्हशीही. एकच सभासद, एकच क्रमांक, दोन किटल्या. गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफवर धरतात, म्हशीचा ६ आणि ९ वर, म्हणजे दरपत्रकंच वेगळी. मग यादीत ओळी किती? एक ओळ ठेवून दाबल्यावर ‘गाय की म्हैस’ विचारायचं, की दोन ओळी? पहिल्या पद्धतीत यादी आटोपशीर राहते, पण प्रत्येक वेळी एक प्रश्न वाढतो आणि घाईत त्याचं उत्तर न वाचता दिलं जातं. मी दोन ओळी घेतल्या आहेत, एकाखाली एक, क्रमांक तोच. आतला आयडीही त्यामुळे बदलला. तो आता सभासदाचा राहिला नाही, सभासद आणि जनावर या जोडीचा झाला, आणि डिफयूटिल, क्लिक, पुढची स्क्रीन, सगळं त्याच जोडीवर चालतं.

सचिव आण्णांनी पहिल्या दिवशीच सांगितलं, ‘ताई, दोन ओळींना रंग वेगळा द्या.’ रंग दिला, पण पहाटेच्या एका बल्बच्या उजेडात फिका पिवळा आणि पांढरा सारखेच दिसतात. म्हणून क्रमांकाशेजारी ‘गाय’ आणि ‘म्हैस’ हे शब्दच पूर्ण लिहिलेत, नावाइतक्याच मोठ्या अक्षरात. या आठवड्यापासून ते दोन केंद्रांवर चालू केलंय.